वस्तीतल्या मुलांच्या संस्थेसोबत डिझायनर म्हणून वर्षानुवर्षं काम करायचं असेल तर: सुरुवातीपासून हँडओव्हरपर्यंत

मी पुण्यात फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करते आणि बरीच वर्षं वस्तीत काम करणाऱ्या मुलांच्या एका छोट्या संस्थेसोबत आहे. संध्याकाळची अभ्यासिका, रविवारी फुटबॉल, मे महिन्यात शिबिर, मोठ्या मुलामुलींसाठी नोकरी-कोर्सचं मार्गदर्शन, असं साधारण स्वरूप. अशा संस्था आपल्याकडे प्रत्येक शहरात आहेत आणि सगळीकडे तीच गोष्ट होते, कुणीतरी उत्साही डिझायनर येतो, लोगो करून देतो, छान फोटो काढून पोर्टफोलिओत टाकतो आणि जातो. मग तो लोगो व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत धुरकट जेपीजी होतो आणि पुढच्या बॅनरवर तोच ताणून चिकटवलेला दिसतो.

हा लेख टिकून राहायचं आहे त्यांच्यासाठी आहे. माझं ठाम मत असं की आपण किती सुंदर काम केलं यापेक्षा आपण नसताना संस्थेतल्या ताई-दादांना आणि मुलांना ते चालवता येतं का हे महत्त्वाचं, आणि खाली जे जे सांगतेय ते सगळं त्याच हिशोबाने.

पायरी १: लॅपटॉप न उघडता काही शनिवार जा

आधी कागदपत्रं बघून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, किंवा कंपनी कायद्याची सेक्शन ८ कंपनी असते. १२ए (संस्थेची करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराची करसवलत) आहे का, मागच्या वर्षीचं ऑडिट झालंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बालसुरक्षेचं लेखी धोरण आहे का, हे विचारा. चांगल्या संस्थेला हे प्रश्न आवडतात. उत्तर टाळलं गेलं तर मी पुढे जाणार नाही. धोरण नसेल पण बनवायची तयारी असेल तर थांबा, ते नीट मांडून देणं हेच तुमचं पहिलं काम होऊ शकतं.

मग नुसतं जाऊन बसा. मुलांसोबत कॅरम खेळा, चटया घाला, हजेरी घ्या. या वेळात डोळे उघडे ठेवायचे. भिंतीवरची नोटीस कोण वाचतं? आयांपर्यंत निरोप कसा पोचतो, व्हॉट्सॲप स्टेटसवरून, बचत गटाच्या मीटिंगमधून की देवळासमोरच्या फळ्यावरून? घरात कुठली भाषा बोलतात? पुण्यातल्या कित्येक वस्त्यांत ७२ च्या दुष्काळात सोलापूर-मराठवाड्याकडून आलेली कुटुंबं आहेत, कुठे घरात कानडी बोलतात, कुठे तेलुगू, कुठे उर्दू, आणि मुलं बाहेर मराठी-हिंदी मिक्स बोलतात. हे कुठल्याच ब्रीफमध्ये लिहून येत नाही. ज्या आईला मराठी वाचता येत नाही तिच्यासाठी पत्रक कितीही देखणं केलं तरी ते कोरंच.

आणि एक, पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, संस्थेने मागितलं नाही तरी. मुलांसोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, त्यांच्याशी स्वतःच्या इन्स्टाग्रामवरून खाजगी मेसेज करायचे नाहीत. हे नियम तुमच्या चांगुलपणावर शंका म्हणून नाहीत, मुलांना सगळ्यांसाठी सारखेच नियम दिसले की चुकीचं वागणारा माणूस लवकर ओळखू येतो.

पायरी २: तास ठरवा, कागदावर लिहा

"लागेल तेव्हा सांगा, करून देईन" हे वाक्य कधीच बोलू नका. त्यातून दोन गोष्टी होतात, एकतर संस्थेतल्या ताई संकोचाने काहीच सांगत नाहीत किंवा रात्री अकराला मेसेज येतो की उद्या सकाळी पाहुणे येताहेत, तेवढं एक बॅनर करून द्या ना. त्यापेक्षा महिन्याला सहा तास किंवा आठ तास असं ठरवा, आणि कमीच ठरवा. महिन्याला पाच तास पाच वर्षं मिळाले तर त्यात जे उभं राहतं ते एका सुट्टीत रात्रंदिवस राबून होत नाही.

मग वर्षाचं कॅलेंडर एकत्र बसून भरा. जूनमध्ये शाळा सुरू होतात, वह्यावाटप, अभ्यासिकेचे प्रवेश. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्यानंतर ऑडिट आणि वार्षिक अहवाल. ३१ मेपर्यंत देणगीदारांचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये इन्कम टॅक्सला जातो. मेमध्ये शिबिर, १४ नोव्हेंबरला बालदिन, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊ जयंती आणि युवा दिन. आता याच्या शेजारी तुमचं स्वतःचं कॅलेंडर ठेवा. फ्रीलान्सरचा दिवाळीच्या आधीचा दीड महिना आणि मार्च म्हणजे श्वास घ्यायला वेळ नसतो, तेव्हा ते महिने "फक्त तातडीचं" म्हणून आधीच मार्क करा आणि जानेवारीच्या कामांची तयारी पावसाळ्यातच उरकून टाका.

एक पानाचा करार पुरेसा आहे, वकिली भाषा नको. त्यात हे असू द्या: महिन्याचे तास किती, काम कोण सांगणार (एकच माणूस, पाच ट्रस्टींनी पाच फोन करायचे नाहीत), किती दिवस आधी सांगायचं, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, मजकूर कोण लिहून देणार आणि शेवटचं "हो, छापा" कोण म्हणणार.

कॉपीराइटचंही त्याच पानावर लिहा, हे जवळजवळ कुणीच करत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही नोकरीत नसताना, मोबदला न घेता काढलेल्या लोगोचा हक्क तुमच्याकडेच राहतो, आणि तो संस्थेला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यातही मुदत लिहिली नाही तर तो पाच वर्षांपुरताच दिला असं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. म्हणून "कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी, सर्व माध्यमांसाठी" असे शब्द स्पष्ट घाला, आणि पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी स्वतःसाठी मागून घ्या, अर्थात मुलांचे फोटो सोडून.

पायरी ३: पैशाचं स्पष्ट बोला

काम तीन प्रकारचं असतं. पूर्ण फुकट, फक्त खर्च घेऊन (छपाई, फॉन्ट, प्रवास), आणि फी घेऊन. तिन्ही प्रकार एकाच संस्थेसोबत एकाच वर्षात चालू शकतात, फक्त कुठलं काम कशात हे आधी ठरलेलं हवं.

माझा नियम असा की रोजच्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत पण एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकामासाठीच्या निधीतून) प्रकल्प आला आणि त्यात साहित्य-प्रसिद्धीचा खर्च धरता येत असेल तर डिझाइनची ओळ बजेटमध्ये घालायलाच लावायची. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यातलं काहीही असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के अशा कामावर खर्च करावे लागतात, आणि हा पैसा घ्यायला संस्थेकडे सीएसआर-१ ची नोंदणी लागते. अशा ठिकाणी डिझाइन फुकट दाखवलं की पुढच्या वर्षी तुम्ही नसाल तेव्हा संस्थेला त्या कामासाठी पैसे मागायला तोंड राहत नाही. मोठी होणारी मुलं हे काम शिकतील तेव्हा त्यांनाही मग फुकटच करावं लागतं.

फुकट केलेल्या कामाचीही किंमत एका पत्रावर लिहून द्या, वार्षिक अहवालात स्वयंसेवकांचं योगदान म्हणून ती दाखवता येते.

टॅक्सबद्दल गैरसमज फार आहेत. दिलेल्या वेळेवर ८०जीची सूट मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीवर असते, त्यातही २००० रुपयांच्या वर रोख दिले तर नाही, आणि नव्या टॅक्स पद्धतीत ८०जी मिळतच नाही. बिल लावून फी घ्यायची आणि तीच परत देणगी द्यायची असं काही जण करतात, पण ती फी तुमचं पूर्ण उत्पन्न धरली जाते आणि सूट बहुतेक वेळा देणगीच्या निम्म्यावरच असते. हे करण्याआधी सीएला विचारा.

पायरी ४: लोगोला हात लावू नका

पहिले काही महिने तरी नाही. आधी संस्थेचा जेवढा म्हणून कागद आहे तेवढा गोळा करा. पावतीपुस्तक, लेटरहेड, प्रवेशअर्ज, ओळखपत्र, सर्टिफिकेट, जुने बॅनर, टीशर्ट, दारावरची पाटी. सगळं अभ्यासिकेच्या फरशीवर पसरा आणि ताई-दादांना आणि मोठ्या मुलांना भोवती बसवून विचारा की यातलं काय रोज लागतं आणि कशामुळे काम अडतं. लोगो वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. प्रवेशअर्जात नाव लिहायला जागा पुरत नाही असं म्हणतात.

म्हणून सुरुवात प्रवेशअर्जापासून करा. स्वतःचं, वडिलांचं किंवा आईचं आणि आडनाव अशी पूर्ण नावं मोठी होतात, त्यांना पूर्ण ओळ द्या. मोबाइल नंबरला दहा चौकोन, म्हणजे एखादा आकडा राहिला तर लगेच दिसतो. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, भरणारी आई संध्याकाळी कमी उजेडात भरणार आहे. "पालकाचे नाव" असं लिहा, "वडिलांचे" नको, कितीतरी घरं आई किंवा आजी चालवते आणि त्या मुलाला दरवेळी सगळ्यांसमोर ते समजावून सांगावं लागतं. एका शब्दाचा बदल आहे, पण मला विचाराल तर तो कुठल्याही नव्या लोगोपेक्षा मोठा आहे.

त्यानंतर पावतीपुस्तक. देणगीदाराला करसवलतीसाठी १०बीई सर्टिफिकेट द्यायचं तर त्याचा पॅन लागतो, आणि पावतीवर पॅनची जागाच नसेल तर मेमध्ये ताई शंभर जणांना फोन करत बसतात. मग स्वयंसेवकांची ओळखपत्रं, कारण घरोघरी सर्व्हेला जाणाऱ्या मुलीच्या गळ्यात नीट ओळखपत्र असेल तर दार उघडलं जातं. हे एवढं मार्गी लागेपर्यंत तुम्हाला संस्था इतकी कळलेली असते की लोगो बदलायचा की नुसता स्वच्छ करून घ्यायचा याचं उत्तर आपोआप मिळतं. बहुतेक वेळा स्वच्छ करणंच पुरतं, वस्तीतले लोक तो जुना ओळखतात.

पायरी ५: देवनागरी नीट बसवा

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण इंग्रजीत शिकलेले चांगले चांगले डिझायनर इथे अडतात.

जुन्या डीटीपीवाल्यांकडचा मजकूर बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात, शोधता येत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. म्हणून पहिला निर्णय, इथून पुढे सगळं युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं. फॉन्ट ओपन लायसन्सचे घ्या म्हणजे संस्थेला, प्रेसला, मुलांना कायदेशीर वाटता येतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेले मुक्त आणि बलू हे माझे नेहमीचे, मुक्त मजकुराला आणि बलू मुलांच्या पोस्टरला. हिंद, नोटो सान्स देवनागरी हेही चांगले, आणि पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी. दोन फॉन्ट ठरवा आणि तिसरा आणू नका.

मग मराठी वळण. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या आकाराचा असतो, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये सुरुवातीला हिंदीचा आकार येतो. मजकुराची भाषा मराठी सेट केली की काही फॉन्ट आपोआप बदलतात, काही नाही, हे आधी तपासा. पहिली-दुसरीतल्या मुलाला शाळेत जो ल शिकवलाय तोच आपल्या पोस्टरवर दिसला पाहिजे.

सॉफ्टवेअरचंही बघा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही, फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई टेक्स्टचा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला लागते. मी नवीन फॉन्ट किंवा नवीन मशीन दिसलं की हे शब्द टाइप करून बघते: कार्यकर्त्यांच्या, वऱ्हाड, हृदय, ऑक्टोबर, ॲप, विद्यार्थ्यांसाठी, शाळा. हे सगळे नीट आले तर बाकी येतात.

तीन गोष्टी कायम लक्षात ठेवा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, अक्षराच्या दीडपट धरून चाला. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. आणि इंग्रजीसारखं तिरकं करून जोर द्यायचा नाही, जाड करा किंवा रंग बदला.

पायरी ६: त्यांच्या फोनवर चालेल असं टेम्प्लेट

इलस्ट्रेटरची फाइल संस्थेला देऊन काही उपयोग नाही, ती उघडणारच नाही. कॅनव्हा नोंदणीकृत संस्थांना प्रो व्हर्जन फुकट देतं, अर्ज करून घ्या, आणि गूगलचाही संस्थांसाठी कार्यक्रम आहे. खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा, तुमच्या नाही. रिकव्हरीचा फोन नंबरही संस्थेचा. एखादा स्वयंसेवक गाव सोडून गेला आणि त्याच्यासोबत फेसबुक पेजही गेलं हे मी आजूबाजूच्या संस्थांत फार बघितलंय.

टेम्प्लेट पाचच करा: कार्यक्रमाची सूचना, आभार, सुट्टीची सूचना, निकाल-अभिनंदन, मदतीचं आवाहन. चौकोनी १०८० बाय १०८० पिक्सेल आणि स्टेटससाठी उभं १०८० बाय १९२०. लोगो आणि रंग लॉक करा, फक्त मजकूर आणि फोटो बदलता येऊ द्या. मग बाजूला बसून ताईंना एकदा स्वतःच्या फोनवर करू द्या, तुम्ही हात लावायचा नाही. जिथे त्या थांबतात तिथे टेम्प्लेट चुकलंय. आणि छपाईला फोटो पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा हे सगळ्यांना शिकवा, नाहीतर तो बारीक होऊन जातो.

पायरी ७: छपाई, फ्लेक्स आणि फोटो कुणाचा

एक प्रेस धरा आणि त्यालाच धरून राहा. पुण्यात शनिवार-नारायण पेठेत फिरून दोन-तीन दर काढा, मग जो मालक फाइल उघडून "मॅडम, इथे ब्लीड नाहीये" असं फोन करून सांगतो तो निवडा (ब्लीड म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई), चार पैसे जास्त गेले तरी. फ्लेक्स स्क्वेअर फुटावर छापतात, फाइल खऱ्या मापात ७२ ते १०० डीपीआय पुरते, सीएमवायके (छपाईचे चार रंग), आणि अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून, कारण बऱ्याच ठिकाणी कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असते आणि देवनागरी तिथे हमखास मोडते. पत्रकाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड. सेंटर पिन पुस्तिकेची पानं चारच्या पटीत. टीशर्टला स्क्रीन प्रिंटिंग असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, एकाच रंगात डिझाइन करा आणि वाचलेल्या पैशात कापड चांगलं घ्या.

दरवर्षी होणाऱ्या कार्यक्रमाला फ्लेक्स नकोच. कापडी बॅनर करा, त्यावर वर्ष-तारीख टाकू नका, तारखेची वेगळी पट्टी वर टाचा. तो धुता येतो, वर्षानुवर्षं चालतो. रस्त्यावर लावायचा असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी घ्या, १९९५ चा विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा आहे आणि मुलांच्या संस्थेने तो पाळलेला बरा दिसतो.

आता खरा नाजूक विषय. बॅनर म्हटलं की कुणीतरी सुचवतंच, अमुक साहेबांचा फोटो टाका, त्यांनी टेबलं दिलीत. मग दुसऱ्या गटाला राग, मग फोटोंचे आकार मोजले जातात, आणि वस्तीत संस्था कुणाची यावर चर्चा सुरू होते. हे ऐनवेळी सुटत नाही. ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये आधीच लेखी ठरवून घ्या की आपल्या कुठल्याही छापील साहित्यावर कुठल्याच मोठ्या माणसाचा फोटो नसेल, मदत करणाऱ्यांची नावं अकारविल्हे एकाच आकारात येतील. मग "संस्थेचा नियम आहे दादा, सगळ्यांना सारखाच" एवढं म्हणता येतं आणि माणसं ते ऐकतात.

छापायच्या आधी एकाने फोन नंबर आणि नावं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः प्रूफ वाचायचं नाही.

पायरी ८: मुलांचे फोटो

सगळ्यात जास्त जबाबदारी इथे आहे. देणगी मिळवायची तर केविलवाणा फोटो लागतो असं अजूनही मानलं जातं आणि निवड करणारे हात शेवटी आपले असतात. मी असा फोटो लावत नाही. ते मूल उद्या वीस वर्षांचं होणार आहे, कॉलेजात जाणार आहे, आणि तो फोटो इंटरनेटवर तसाच असणार आहे.

कायदा काय सांगतो ते पक्कं माहीत असू द्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाची ओळख, म्हणजे नाव, पत्ता, शाळा, फोटो, छापता येत नाही. पोक्सोमध्येही पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो.

संमतीपत्र दोन भागांत करा, कारण आई जेव्हा "हो" म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा संस्थेतला बोर्ड असतो, इन्स्टाग्राम नसतं. एक खूण "संस्थेच्या अहवालात आणि भिंतीवर" यासाठी, दुसरी वेगळी खूण "इंटरनेटवर, जिथे कोणीही पाहू शकतं" यासाठी. खाली एक ओळ: "ही परवानगी कधीही मागे घेता येईल, त्याने मुलाच्या प्रवेशावर काही परिणाम होणार नाही." हे वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका. आणि मुलालाही विचारा, स्क्रीनवर फोटो दाखवून. नको म्हणालं की तिथेच डिलीट.

चेहरा, पूर्ण नाव आणि जागा या तीन गोष्टी एकत्र कधीच टाकायच्या नाहीत. फोटो ढिगाने काढण्यापेक्षा चित्रं वापरा, किंवा पाठमोरे, नुसत्या हातांचे, खेळताना लांबून काढलेले फोटो. मुलांनी काढलेली चित्रं वापरली तर ती त्यांची आहेत, विचारून घ्या आणि खाली पहिलं नाव द्या. या कामात एखादं मूल काही त्रासाचं बोललं तर तपास करायला जाऊ नका, संस्थेच्या बालसुरक्षा जबाबदार ताईंना लगेच सांगा, १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर सगळ्यांच्या ओळखपत्राच्या मागे छापून ठेवा.

पायरी ९: काम हळूहळू मुलांच्या हातात द्या

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हे तुमचं मुख्य काम. सोळा-सतरा वर्षांची चार-पाच मुलंमुली निवडा, चित्र चांगलं येणारीच हवीत असं नाही, फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणारी मुलगी हमखास चांगली निघते.

कॉम्प्युटरपासून सुरू करू नका. तिरक्या टोकाचा मार्कर द्या आणि अक्षरं काढायला लावा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं दाखवा, नुसत्या नावावरून नाटक विनोदी की गंभीर हे मुलं अचूक ओळखतात आणि तिथे त्यांना कळतं की अक्षराला स्वभाव असतो. मग वस्तीत फिरून रंगवलेल्या पाट्यांचे फोटो गोळा करा. मग एका रंगातलं एक पोस्टर हाताने. मग कॅनव्हा, आणि ज्यांना रस आहे त्यांना इंकस्केप, क्रिता ही चित्रं काढायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत.

नंतर खरी कामं द्या. संस्थेचं पत्रक त्यांनी करायचं, तुम्ही फक्त शेवटी बघायचं, आणि तुमच्यापेक्षा वेगळं झालं म्हणून दुरुस्त करायचं नाही, चुकीचं असेल तरच. बाहेरची छोटी कामंही येतात, शिवणकाम करणाऱ्या काकूंचं व्हिजिटिंग कार्ड, खानावळीचं मेन्यूकार्ड, गणपती मंडळाची वर्गणीची पावती. पैसे घेऊनच करायची, आणि अशी पैशाची कामं १८ पूर्ण झालेल्यांनाच द्यायची.

पुढचा रस्ता सांगून ठेवा, घरात सांगणारं कुणी नसतं. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्यायला लावा, इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुण मिळतात. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते, मुंबईत सर जे. जे., पुण्यात अभिनव ही कॉलेजांची नावं त्यांना माहीत असू द्या. लवकर कमवायची गरज असेल तर आयटीआयला डीटीपी ऑपरेटरचा ट्रेड आहे. फॉर्मच्या तारखा अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, तारीख चुकून वर्ष गेलेली मुलं कमी नाहीत.

पायरी १०: अहवालातले आकडे

वार्षिक अहवाल बारा पानांचा पुरतो, आणि शिवाय एक पान वेगळं जे दोन मिनिटांत वाचून होईल. पण आकडा मोठ्या टाइपमध्ये लावायच्या आधी विचारा. "५०० मुलं" म्हणजे नाव नोंदवलेली, की एकदा शिबिराला आलेली, की रोज अभ्यासिकेत बसणारी? ताई दडवत नसतात, कुणी विचारलेलंच नसतं. नोंदणी आणि नियमित हजेरी असे दोन आकडे शेजारी शेजारी द्या. जाणकार देणगीदार दुसरा आकडाच शोधत असतो.

पायरी ११: ट्रस्टी व्हा असं म्हणाले तर

काही वर्षांनी हे विचारतातच. मान मोठा आहे पण विचार करून हो म्हणा, ट्रस्टी झाल्यावर त्याच संस्थेकडून फी घेणं इन्कम टॅक्सच्या दृष्टीने अडचणीचं होऊ शकतं आणि निर्णयही मोकळेपणाने घेता येत नाहीत. सल्लागार म्हणून राहणं मला जास्त बरं वाटतं. आणि दमल्यासारखं झालं तर गायब होऊ नका, तास अर्धे करून घ्या. मुलांनी आयुष्यात अचानक निघून जाणारी माणसं आधीच पुष्कळ पाहिलेली असतात.

पायरी १२: दरवर्षी दोन महिने बाजूला व्हा

जाण्याआधी एक फोल्डर संस्थेच्या ड्राइव्हवर तयार ठेवा: लोगो सगळ्या प्रकारांत, फॉन्ट आणि त्यांची लायसन्स, टेम्प्लेटच्या लिंक, प्रेसचा नंबर आणि शेवटचे दर, संमतीपत्रांची यादी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग काम, "फायनल", "फायनल २" असली नावं नकोत. वर "आधी हे वाचा" नावाची एक पानाची फाइल, साध्या मराठीत.

मग खरंच दोन महिने कशाला हात लावू नका, फोन आला तरी "फोल्डरमध्ये बघ, नाही सापडलं तर तुला योग्य वाटेल तसं कर" एवढंच सांगा. परत आल्यावर त्या काळात निघालेलं सगळं मागून घ्या, बॅनर, पोस्ट, पत्रकं, आणि मुलांच्या टीमसोबत बसून बघा कुठे अडलं. जिथे अडलं तिथलं टेम्प्लेट सोपं करा, जे त्यांनी तुमच्याशिवाय नीट केलं ते तुमच्या यादीतून कायमचं काढून त्यांच्या नावावर लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या तासांचा कागद त्याच बैठकीत नव्याने भरा.